चेष्टेची व्यवस्था

मी, अलकनंदा सूर्यकांत देवस्थळी, वय चौऱ्याहत्तर, राहणार नोएडा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण पुतण्या नचिकेत शंका घेईल.

१. राहता फ्लॅट नचिकेतला. तो विकेल. विकणार नाही असे त्याने मला सांगत बसू नये.

२. बँकेतील ठेवी अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला.

३. सरोजिनी नगरच्या आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरमधले लोखंडी कपाट जाऊबाईंना. त्यांनी ते तरुणपणी मागितले होते. आता त्यांच्याकडे ठेवायला जागा नाही, हे मला ठाऊक आहे.

४. मायक्रोफोन केतकी जोशी, राहणार मुनिरका, हिला. कारण नोंदवते. अंध विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही जण मराठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतो. आमचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. केतकी दिल्लीत वाढली. ‘ळ’ तिला जमत नव्हता, जमवत होती. तिने गटावर लिहिले, ‘अलकनंदाकाकूंची चेष्टा फार छान चालली आहे.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला कळले, मी हसले. गटप्रमुख राजीव बापट यांनी ‘ज्येष्ठांचा अपमान’ या नियमाखाली तिला लगेच काढले.

मी त्यांना फोन केला. म्हटले, मी दुखावलेली नाही.

‘ताई, तुमचं मन मोठं आहे. पण दुखावल्याशिवाय कोणी फोन करतं का?’

‘अहो, हिंदीत त्याचा अर्थ—’

‘बिल्कुल. पण गट मराठी आहे ना. नियम सगळ्यांना सारखा.’

माझ्या भावनांचा निकाल मला न विचारता लागला.

मग केतकीला फोन केला. ‘आंटी, आप बुरा मत मानिए,’ ती म्हणाली. पूर्वी ती मला काकू म्हणे. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोललेली नाही. वाचनही सोडले.

५. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून राजीव बापट यांना नेमते. ते कलमाबाहेर पाऊल टाकत नाहीत. त्यांनी संमती दिली आहे. मायक्रोफोन कुरियरने पाठवू नये. मुनिरकाला स्वतः जावे. ती बसा म्हणाली तर बसावे. तिची मराठी ऐकावी, मध्ये दुरुस्त करू नये. ती हिंदीतच बोलली, तर काही दिवसांनी पुन्हा जावे. ती मराठीत, कशीही का होईना, बोलेपर्यंत या मृत्युपत्राची अंमलबजावणी पूर्ण झाली असे धरू नये.

सही : अलकनंदा सू. देवस्थळी

बाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर.
साक्षीदार : डॉ. उल्हास प्रधान, मयुरा साठे

नोएडा, ९ फेब्रुवारी २०२५