खिसा आणि खरखर

३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अखेर मी सुटले! एकतीस वर्षं लोकांचं रक्त तपासून झालं. लॅबमधल्या पोरींनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता मला वेळच वेळ, म्हणून घड्याळ. काय ही थट्टा!

एक काळजी मात्र मागे लागली आहे. मी राहते त्या दोन खोल्या घरमालकाला विकायच्या आहेत. पहिला हक्क माझा म्हणतो, पण एप्रिलअखेर पैसे दिले तरच. नाहीतर त्याचं दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. निवृत्तीची रक्कम काठोकाठ पुरते. तोवर ती कुठे ठेवू? फोनवर विचारावं तर सहा महिन्यांत तू एकदाही उचलला नाहीस. पत्रानं हाताला वळण राहतं म्हणतोस. बरं बाबा, हे घे वळण.

तुझा 'खिसा आणि खरखर' ब्लॉग रोज वाचते. जुन्या रेडिओंच्या जोडीनं लोकांना काटकसर शिकवणारा खरखरशास्त्री जगात तूच एक. जुना मोबाइल आणखी दोन वर्षं कसा चालवावा ते वाचलं आणि नवा घ्यायचा बेत मोडला.

पत्राचं उत्तर लवकर आलं, तर लोभ आहे असं समजेन.

तुझी,
ठमी

११ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसलो. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून जन्मभर खांबांवर चढलो, तेव्हा कोणी मान वर करून पाहिलं नाही. आता रोज दोन हजार माणसं माझं लिहिलेलं वाचतात. म्हातारपणी शिंगं फुटली म्हण हवं तर.

गेल्या आठवड्यात एक वाचक थेट घरी आले. जुन्या श्रोत्यांनी कार्डं पाठवावीत म्हणून ब्लॉगच्या तळाशी माझा पत्ता असतोच. फार अदबशीर गृहस्थ. माझ्या मोठ्या रेडिओची काचेची नळी मी अकरा वर्षं शोधत होतो ना, ती त्यांनी कापसात गुंडाळून आणली. पैसे घेईनात. त्यांचं शीतगृह आहे, त्यासाठी लोकांकडून ठेवी घेतात. त्यावर मी सविस्तर लिहिलं आहे. पैशांचं विचारलंस, तर पत्रात तेच ते काय उगाळू? ब्लॉग वाच.

नळी बसवली आणि रेडिओ जागा झाला. रविवारी बेटावरचं केंद्र लागलं, अगदी स्पष्ट. लहानपणी त्यासाठी आपण रेडिओच्या एकाच जाळीला दोन बाजूंनी कान लावायचो, आठवतं?

तब्येत सांभाळ, आणि म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा,
दादा

६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा लेख तीनदा वाचला. शीतगृहातलं मला काय कळतंय, डोंबल! पण शेवटी तू लिहिलं आहेस की यात मी स्वतः माझे पैसे घातले आहेत. तिथे माझी काळजी मिटली. एक तारखेला सगळी रक्कम भरून आले. केव्हाही काढता येते म्हणाले. खोल्यांना रंग लावायचा खर्च व्याजातून निघेल.

लॅबमध्ये नमुना स्वतः पाहिल्याशिवाय मी कधी अहवालावर सही केली नाही. ही सवय तुझीच. दहा वर्षांची असताना मी, काय ऐकलं ते केंद्राला कळवायच्या कार्डावर न ऐकलेलं गाणं लिहिलं होतं. तू ते कार्ड फाडलंस, आपल्या कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं असं बजावलंस आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस.

म्हणून आता तुझीच फिरकी घेते. तुझ्या वाढदिवसाला भेट म्हणून, बेटावरचं केंद्र आपल्या श्रोत्यांना पाठवतं ते पोचीचं कार्ड मागवलं, तर त्यांचं उत्तर आलं की ते केंद्र गेल्या ऑगस्टपासून बंद आहे. मग शास्त्रीबुवा, रविवारी तुमच्या कानांत कोण गायलं?

रागावू नकोस. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पैसे काढ. हे पत्र हातात पडताच ऊठ आणि जा. व्याज सोडावं लागलं तर सोड. कारण विचारू नकोस.

केंद्राचं म्हणशील, तर दुसरं एखादं लागलं असेल. तो विषय नको.

दादा

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तीनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला तिथल्या कारकुनानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की सहा महिने पैसे निघत नाहीत. मी चढ्या आवाजात बोलले, तर त्यानं हसून भिंतीकडे बोट केलं. तुझा लेख चौकटीत लावलेला होता, तुझ्या त्या वाक्याखाली लाल रेघ. ज्यानं लिहिलं त्याचेच पैसे इथे आहेत, मग भीती कसली, असं म्हणाला. तू माझा भाऊ आहेस हे त्याला माहीतही नव्हतं. तुझ्या पत्राचं ऐकावं की तुझ्या लेखाचं, मला काही सुचेना. परत आले.

दुसऱ्या खेपेला भिंतीवर नुसता खिळा होता. काल गेले तर दाराला कुलूप. पायऱ्यांवर अकरा माणसं बसली होती, बहुतेकांच्या हातात तुझाच छापील लेख. त्यांतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं विचारलं, या लिहिणाऱ्याला ओळखता का? मी नाही म्हणाले. दादा, जन्मात पहिल्यांदा मी तुला नाकारलं. रात्रभर रडले.

वकील म्हणतात, सगळ्यांच्या पावत्या जोडून तक्रार करू. तुझा पावती क्रमांक लगेच कळव. घरमालकाचं गिऱ्हाईक खोल्यांची मापं घेऊन गेलं आहे. तू आणि मी एकाच नावेत आहोत, एवढाच मला धीर आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी,
ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
तुला आशीर्वाद द्यायचा हक्क आता मला राहिला आहे का, ठाऊक नाही.

माझ्याकडे पावती नाही. मी एक छदामही घातला नव्हता. तेवढं एक वाक्य घाला, त्याशिवाय लोकांना भरवसा वाटत नाही, पैसे सवडीनं भरा, असं तो गृहस्थ म्हणाला. ती नळी माझ्या हातात होती. मी लिहिलं. भरायची वेळ आली तेव्हा माझाच सल्ला मला आठवला, की अनोळखी माणसाच्या हाती पैसा देऊ नये. म्हणून भरले नाहीत. माझे पैसे बँकेत सुखरूप आहेत, ठमे. त्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

रेडिओचंही ऐक. नळी बसवली, दिवा लागला, पण मला काही ऐकू आलं नाही. जुलैपासून माझे कान पूर्ण गेले आहेत. फोन उचलत नव्हतो तो म्हणूनच. समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखतो. बहिऱ्या श्रोत्याचं कोण वाचणार, या भीतीनं ब्लॉगवर ऐकलेल्या केंद्रांच्या नोंदी आठवणीतून लिहीत राहिलो. ते खोटं पचलं, मग दुसरं लिहिताना हात कचरला नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी लेख काढायला हवा होता. लोक कारण विचारतील म्हणून काढला नाही. त्या महिन्याभरात आणखी किती जणांनी पैसे भरले असतील, देव जाणे.

सोबत माझ्या सगळ्या शिलकीचा धनादेश आहे. तुझ्या खोल्यांची निम्मी किंमतही त्यात निघणार नाही. वकिलांना माझं नाव दे. ठेवीदार म्हणून नको, खोटं लिहिणारा म्हणून दे.

काल सकाळी सगळं खरं ब्लॉगवर टाकलं. तळाचा पत्ता तसाच ठेवला आहे.

दार वाजलेलं मला कळत नाही. पण मघापासून टेबलावरचा कप बशीत थरथरतो आहे. थांबतो, पुन्हा थरथरतो. बरीच माणसं असावीत. पाकीट चिकटवतो आणि दार उघडतो. त्यांच्यातल्याच कोणाला तरी हे पेटीत टाकायला सांगेन.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. ती ओळ तुझ्यासाठी कोरी सोडतो.

दादा