कंडक्टरच्या हातून झेंडावंदन

२८ जून १९९९
शाळा सुरू. संस्थेने यंदा व्यवस्थापक नेमलाय. मनोहरभाऊ. अख्खी हयात कापसाच्या जिनिंगचा कारभार पाहण्यात गेली, आता आमची समुद्रपूरची शाळा चालवणार! खुर्ची माझ्याच खोलीत टाकलीय. मुख्याध्यापिका मी की हे? डोकं उठलं.
अध्यक्षांनी बजावलंय, यंदाही जाम गावाकडच्या पोरी गळाल्या तर आठवीची तुकडी बंद. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच आहे. म्हणजे पुढे शिक्षण संपलं, धुणीभांडी सुरू.

६ जुलै
वैशाली आजही नाही. जामच्या शाळेत सातवीत पहिली आलेली पोर, आमच्याकडे आठवीत नाव घातलेली. म. भाऊंना म्हटलं, पालकांना पत्र पाठवू. ते म्हणाले, "पत्रानं काय होते, बाई? मी जाऊन येतो ना." गेलेही लगेच. तिच्या बापाची जामच्या चौकात चहाची टपरी. बाप म्हणाला म्हणे, "संध्याकाळची गाडी पोरीयले घेत नाई. अंधार पडेलोक पोरगी समुद्रपूरच्या स्टँडवर उभी. काऊन पाठवू मी?"
हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं...

१४ जुलै
म. भाऊ रोज पाचच्या एसटीने जामला जाऊन येतायत. शिक्षकखोलीत हसाहशी. आज विचारलंच, हे कशाला? "गाडी काऊन नाई थांबत, ते गाडीत बसल्याबिगर समजन का?" समजलंय म्हणाले. स्टँडवर पोरी पोचेपर्यंत गाडी बाजारकरूंनी भरलेली. स्टँडवर येण्याआधी शाळेच्या फाटकावरून ती रिकामीच जाते, पण तिथे थांबा नाही.

३० जुलै
आगारातून थांबा मंजूर! कसा आणला देव जाणे. शाळा थोडी आधी भरवा नि आधी सोडा, म. भाऊ म्हणाले. मी आधी कुरकुरले, मग केलं. कंडक्टर गुलाबराव फाटकाशी गाडी थांबवून हाका मारतो, "चला गं, लवकर चढा." वैशाली आली. पुस्तकांना नवी कव्हरं घालून. मला भरून आलं.

१५ ऑगस्ट
काय हे! कंडक्टरला शाल-नारळ देऊ, असं म. भाऊ बोलले होते. मी हो म्हटलं. प्रत्यक्षात अध्यक्षांचा हात दोरीकडे गेला, तोवर यांनी दोरी गुलाबरावच्या हाती दिली. झेंडा फडकला. अध्यक्ष लालबुंद.
नंतर मी झापलं. म. भाऊ खरंच गोंधळले. "जिनिंगमंदी मुहूर्ताले कापसाच्या पयल्या बैलबंडीवाल्याचा मान असते, बाई. मालक बाजूले उभा राह्यते. इथं तसं नसते का?" नसतं हो, भाऊ! शाळा आहे ही.
गुलाबराव मात्र डोळे पुसत होता. "मले आजलोक कोनं नारळ नाई देल्ला."

१७ ऑगस्ट
अध्यक्षांचा निरोप. शुक्रवारी सभा, विषय एकच: व्यवस्थापकाची गरज आहे का. म. भाऊंना सांगितलं. ते मुतारीच्या दाराला कडी बसवून घेत होते. मुलींच्या. "बरं," म्हणाले, नि कडी लावून-काढून पाहिली.

२० ऑगस्ट
सभा. म. भाऊ बाहेर फाटकाशी. म्हटलं, अहो, तुमचाच विषय आहे! "पाचची गाडी हाय. तुमी जा ना आत."
आत सगळे अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहत बसलेले. मला विचारलं, बाई, तुमचं मत? मी बोलले. धंदेवाला माणूस आहे, रीतभात कळत नाही, चुकलाच. पण मी पोरींची गैरहजेरी मांडत बसले नि तो गाडी थांबवून आला. मला हा माणूस हवाय.
तेवढ्यात बाहेर एसटी थांबली. खिडकीतून वैशाली चढताना दिसली. अध्यक्षांनीही मान वळवून पाहिलं. मग म्हणाले, "ठराव आज नको. सोमवारी पाहू."
खोलीत म. भाऊंची खुर्ची. शिपाई म्हणाला, आता ही उचलू का? त्याला म्हटलं, हात लावायचा नाही.