चर्चखालच्या डोहातला अठ्ठावीस पौंडी

सोमवार, २४ नोव्हेंबर. संध्याकाळी साडेपाच

करू नये ते केलं. नदीकाठच्या खोलीतल्या नोंदवहीत एक सॅमन लिहिला. सॅमन नव्हता.

सविस्तर लिहितो, म्हणजे यात माझी चूक नव्हती हे कळेल.

म्हातारा गिडियन खुब्याचं ऑपरेशन करून घरी पडलाय. ट्वीड नदीच्या आमच्या पट्ट्यावर एकतीस वर्षं तोच गिली. सीझनचा शेवटचा आठवडा इस्टेटच्या मॅनेजरबाईंनी, मिसेस लॉडरनी, माझ्या हातात दिलाय. नीट पार पडला तर जानेवारीपासून नोकरी कायम, आणि गिडियनचं नदीकाठचं घर माझं. नाहीतर वरच्या पट्ट्यावरची एल्स्पेथ आहेच. माझी चुलत बहीण. पाण्याकडे असं तोंड करून बघते की जणू पाद्री बोलतोय.

गिलीच्या कामात अवघड ते काय? होडी वल्हवायची, पाहुण्याच्या दोरीला पिसांची नकली माशी बांधायची, मासा लागला की जाळं धरायचं, आणि दिवसातून दहा वेळा "थोडक्यात हुकला, सर" म्हणायचं. शेवटचं मला झोपेतही जमतं.

पाहुणा एकच. मिस्टर पेटिफर, लंडनचे वकील. दरवर्षी येतात. रॉड असा फिरवतात की ओली गोधडी वाळत घालतायत. माशी सहा वेळा झाडात अडकली, सातव्यांदा माझ्या टोपीत. मग जेवण. सूप, मटणाची पेस्ट्री, शेरी, पुन्हा शेरी. मग तोंड उघडं टाकून खुर्चीत झोपले. उठले तेव्हा अंधारून आलेलं.

वही कोरी. वरच्या पट्ट्यावर एल्स्पेथचे तीन. आणि बाई रोज संध्याकाळी वही बघतात.

आता, आपल्याकडे पकडलेला मासा लगेच सोडून द्यायचा नियम. म्हणजे मासा कुणाला दिसतच नाही. दिसतो तो वहीतच. आठ पौंड लिहिणार होतो. पण खोटंच लिहायचं तर लहान कशाला. "मि. पेटिफर. चर्चखालचा डोह. दुपारी ३. नर, २८ पौंड. सोडला." खाली गिलीची सही. सही झकास आली.

पेटिफर वही बघणार नाहीत. त्यांना दिवसभर चष्माच सापडत नव्हता.

उद्यापासून खोटं बंद. उद्या खरा मासा.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. संध्याकाळ

चष्मा सापडला.

सकाळी खोलीत शिरलो तर पेटिफर वहीवर वाकलेले. ओळीवरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं. परत ओळीकडे. मी स्टोव्हमध्ये लाकडं कोंबायला लागलो. तो आधीच भरलेला होता. मनात म्हटलं, संपलास निन पर्व्हिस, आता आयुष्यभर काकाच्या गॅरेजात टायर बदल.

मग ते म्हणाले, "अठ्ठावीसच भरला का? मला तिशीचा वाटला होता."

मी म्हणालो की काटा दोनदा बघितला, सर.

माणूस किती खाली जाऊ शकतो. झोपला होता हा. घोरत होता. आणि आता दोन पौंड वाढवून मागतोय. वकील.

दुपारी बाई आल्या. पेटिफरांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. फोटो आहे का विचारलं. फोन गाडीत राहिला, पेटिफर फटकन म्हणाले. मग बाई माझ्याकडे वळून शाबास म्हणाल्या. याआधी त्या माझ्याशी फक्त गेट बंद करण्याबद्दल बोलल्या आहेत.

आणि मोठी बातमी. पंचवीसच्या वरचा मासा म्हणजे हॉटेलच्या भिंतीवर त्याच मापाचा लाकडी मासा. रंगवलेला. खाली पकडणाऱ्याचं नाव आणि गिलीचं नाव. अकरा वर्षांत एकही लागलेला नाही. आमच्या घरातलं नाव तर कधीच नाही.

आजचे मासे: शून्य. पाणी फार स्वच्छ होतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सकाळी एल्स्पेथच्या उंच बुटांमध्ये चिखल भरून ठेवला. तिने शांतपणे ओतून टाकला आणि माझं वय विचारलं. विनोदबुद्धी नाही. असल्या बाईच्या हाती नदी द्यायची?

संध्याकाळी हॉटेलच्या बारमध्ये पेटिफरांनी मासा सांगितला. काल बाईंसमोर दहा मिनिटं झुंज चाललेली, आज चाळीस. काल मासा खाली गेला होता, आज खाली जाऊन वर येऊन होडीभोवती फिरला. लोक ग्लास धरून ऐकत होते. मलाही राहवलं नाही. तीनदा उडी मारली त्याने, मी म्हणालो. पेटिफरांनी सगळ्यांसमोर मला थांबवलं. "दोनदा, निन. उगाच वाढवायचं नाही."

माझ्याच माशाबद्दल मला.

तरी त्यांच्या गोष्टीत माझं काम चांगलं आहे. मी जाळं "खडकासारखं" धरलं होतं म्हणे. त्यामुळे आज त्यांना सोडून दिलं.

येताना गिडियनच्या घराच्या खिडक्या बाहेरून पावलांनी मोजल्या. पडदे हिरवे लावणार.

आजचे मासे: शून्य. पाणी गढूळ होतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. दुपारी चार

मासा लागला. खराखुरा.

अकरा वाजता, उथळ पाण्याच्या कडेला. पेटिफर नेहमीप्रमाणे गोधडी वाळत घालत होते आणि रीळ एकदम ओरडायला लागलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं दात दुखतोय. बारमध्ये चाळीस मिनिटं बडबडणारा माणूस, इथे नुसता श्वास घेत होता. मासा मोठा नव्हता. पण ताजा, समुद्रातून नुकताच आलेला, पाण्यात वळला की चमचा चमकावा तसा. दहा मिनिटांनी काठाशी आला, आडवा झाला.

जाळं पाण्यात बुडवून स्थिर धरायचं आणि पाहुण्याला मासा त्यावर ओढू द्यायचा, हे शाळेतलं पोरही जाणतं. पण तेवढा वेळ कोण थांबणार. मी झेप घेतली. जाळ्याची कड दोरीला लागली. गळ सुटला. मासा क्षणभर तिथेच उभा राहिला, मग गेला.

दोष माशाचा. आडवा झालेला मासा शहाणा असेल तर पडून राहतो.

पेटिफर पाण्यात तसेच उभे. गुडघ्यापर्यंत. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो की काही काळजी करू नका सर, हाही वहीत लिहून टाकू, दहा पौंड लिहू. ते माझ्याकडे बघायला लागले.

"नको," ते म्हणाले. "बारा वर्षं येतोय मी इथे. हा खरा होता."

त्यानंतर जेवले नाहीत. शेरीसुद्धा नाही. एवढ्याशा माशासाठी एवढं मोठं तोंड पाडायचं. अठ्ठावीस पौंडी आहे ना नावावर? माणसाचं समाधान कशानेच होत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नदीला पूर. झाडं वाहून येतायत. मासेमारी बंद.

एल्स्पेथ आली. बसली नाही. म्हणाली की सोमवारी तीन वाजता ती पुलावरून गेली तेव्हा माझी होडी बांधलेली होती आणि खोलीच्या धुराड्यातून धूर येत होता. मी म्हणालो की मग तुझं घड्याळ चुकलं असेल.

"आज बाईंना सांग, निन. ओरडतील, वहीत लाल रेघ मारतील, संपेल. उद्या शेवटच्या दिवशी खोलीत फार माणसं असतील."

जळते. भिंतीवर नाव लागणार माझं, म्हणून जळते. मी तिला दार दाखवलं. आज तुझे बूट तपासून बघ, एवढं मात्र म्हणालो. बुटात आज काहीच नव्हतं, पण ती पंधरा मिनिटं शोधत बसेल असं वाटलं. बसली नाही. सरळ घालून गेली.

पेटिफर दिवसभर खिडकीशी. पाण्याकडे बघत.

शनिवार, २९ नोव्हेंबर. संध्याकाळ

नीट आठवतं तसं लिहितो.

सीझनचा शेवटचा दिवस. रविवारी मासेमारीला बंदी, म्हणजे संपलंच. रिवाजाप्रमाणे दुपारी दोन्ही पट्ट्यांचे लोक आमच्या खोलीत जमले. व्हिस्की. बाई चांगला कोट घालून. मी शर्टाला इस्त्री केली होती. बाईंनी पेटिफरांना सांगितलं की आता त्या माशाची गोष्ट आम्हाला एकदा सगळी ऐकू दे.

पेटिफर उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. आणि आज गोष्ट नवीन होती.

झुंज तीच. चाळीस मिनिटं, दोन उड्या. पण मासा काठाशी आला तेव्हा, ते म्हणाले, निनने त्याचं डोकं बघितलं आणि जाळं टाकून काठावर पळाला. ओरडत. वर झाडाला धरून उभा राहिला. शेवटी ते स्वतःच छातीभर पाण्यात शिरले, शेपटी धरली, आणि एकट्याने काढला.

कुणी हसलं नाही. तेच वाईट. बाईंनी ग्लास खाली ठेवला.

"निन, हे खरं आहे?"

आता मी काय बोलणार? नाही म्हणालो तर, मग काय झालं होतं ते सांग म्हणतील. मी खडकासारखा उभा होतो म्हणालो तर पेटिफर म्हणणार, अस्सं? मग मासा कुठल्या बाजूने आला, गळ कुठे लागला होता, बोल. वकील माणूस. दोन मिनिटांत मला उलटा टांगला असता. आणि एकदा कळलं की गिलीने वहीत मासा बनवून लिहिला, की या नदीवर मला जाळं काय, बादलीसुद्धा कुणी धरायला देणार नाही. एल्स्पेथ जमिनीकडे बघत होती. ती काहीतरी बोलेल असं वाटलं. नाही बोलली.

"हो, बाई," मी म्हणालो.

बाई चिडल्या नाहीत. हळूच बोलल्या. मासे सगळ्यांचेच हुकतात, म्हणाल्या, पण पाहुण्याला पाण्यात एकटा टाकून गिली पळत नाही. जानेवारीपासून एल्स्पेथ.

निघताना पेटिफरांनी माझा हात धरला. सोडेनात. कानाशी येऊन म्हणाले, "सहा पौंडांचा होता, निन. रुपेरी."

गुरुवारच्या माशाचं वजन केलंच नव्हतं. अंदाजाने काहीही बोलतात.

रविवार, ३० नोव्हेंबर

बाईंचा निरोप. आठवड्याचं काम अजून संपलेलं नाही. हॉटेलसाठी लाकडी मासा करायचा आहे. मोठा मासा प्रत्यक्ष बघितलेला माणूस मीच. निदान लांबून.

एल्स्पेथ प्लायवूड घेऊन आली. म्हणाली, तुला नको असेल तर मी कापते. मी नाही म्हणालो. साडेतीन फूट. करवतीने कापला, पॉलिश केला, पाठ काळपट, पोट तांबूस, नराचा खालचा जबडा हुकासारखा वळवला. डोळ्याला दोन तास लागले. खरं सांगतो, या नदीत इतका देखणा मासा आजवर झालेला नाही. खाली पेटिफरांचं नाव सोनेरी रंगात लिहिलं. त्याखालची ओळ बाईंनी मोकळी ठेवायला सांगितली.

संध्याकाळी दूध आणायला गेलो तर खाटकाच्या दुकानासमोरची पोरं मला बघून हात वर करून किंचाळत पळाली. म्हातारी माणसं हसली. पाद्रीसुद्धा. माशाला घाबरून झाडाला लटकला तो. आता हे वर्षानुवर्षं चालणार.

हे ठीक आहे. भित्रा गिली कधीतरी पुन्हा कामावर येऊ शकतो. म्हातारा गिडियनसुद्धा म्हणे तरुणपणी होडीतून दोनदा पडला होता. वसंतात एल्स्पेथला मदतनीस लागेलच. बूट धुवायला तरी.

म्हणून, ही डायरी कुणाच्या हाती लागली तर पाया पडतो तुमच्या. मी पळालो, ओरडलो, झाडावर चढलो, हवं ते सांगत सुटा. पण तो मासा नव्हता, हे कुणाला सांगू नका. बाईंना नाही, खाटकाच्या पोरांना नाही. पेटिफर भेटले तर त्यांनाही नको. कालपासून मला वाटतंय, त्यांना आता तो खरंच आठवतो.