छत्तीस मांडण्या आणि एक उणे चिन्ह

मी, हिलाल दोधू पाटील, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी भौतिकशास्त्राची मास्तरकी व हल्ली नातेवाइकांच्या मते रिकामटेकडेपणा, राहणार सारंगखेडे, तालुका शहादे, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. माझी बुद्धी शाबूत आहे. पुतण्या भाईदास यास त्याबद्दल शंका असल्यास त्याने माझी कोणतीही वही उघडून एक ओळ समजावून दाखवावी. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी परवा धुळ्यास जायचे आहे. परत याल असे डॉक्टर म्हणत नाहीत आणि मीही त्यांना भरीस घालत नाही.

१. तापीकाठची साडेसात एकर जमीन भाईदास यास द्यावी. त्याच्या देखरेखीवाचून केळी उत्तम वाढतात, हे मी सात वर्षे पाहत आलो आहे.

२. राहते घर बहीण धनुबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. मागल्या खोलीत कडबा भरण्याचा भाईदासचा बेत मला ठाऊक आहे. तिथे माझ्या सत्तावीस वह्या आहेत. त्या खोलीत कडब्याची एक पेंढी जरी शिरली, तरी कलम १ रद्द समजावे.

३. कॉलेजातील माझे जुने विभागप्रमुख (नाव लिहून कागद खराब करत नाही) यांस निकेल ऑक्साइडची हिरवी गोळी पोस्टाने पाठवावी. त्यांच्या टाचणांनुसार हिच्यातून वीज खुशाल वाहायला हवी. त्यांनी ती तारांना जोडावी आणि दिवा लागण्याची वाट पाहत बसावे. १९५९ साली मी त्यांना विचारले होते, टाचण म्हणते वाहते, गोळी म्हणते नाही, तर खरे कोणाचे? ते म्हणाले, "परीक्षेत टाचणाचे." मी राजीनामा दिला. प्रत्येक इलेक्ट्रॉन शेजाऱ्याकडे न बघता आपल्या वाटेने जातो, असे त्यांच्या टाचणात गृहीत धरले होते. असे शेजारी निदान खानदेशात तरी मी पाहिलेले नाहीत. गावी आलो तर आमच्या गल्लीत विजेचा खांबही नव्हता. वीज का वाहत नाही याचा अभ्यास करायला यापेक्षा सोयीची जागा कोणती?

४. हाताने फिरवायचे गणकयंत्र व सर्व वह्या धनुबाई हिला, तिने मला मदत केली म्हणून, <s>प्रेमापोटी</s>. धनु सातवी पास. वैधव्य आल्यावर माहेरी आली आणि माझ्या तावडीत सापडली. आम्ही चार अणू गोल मांडले, त्यांवर चार इलेक्ट्रॉन बसवले, दोन सुलट फिरकीचे, दोन उलट. बसण्याच्या छत्तीस मांडण्या होतात. एका मांडणीतून दुसरीत उडी मारण्याचे आकडे तक्त्यात भरायचे, त्यावरून ऊर्जा काढायची आणि ऊर्जेवरून विजेचा हिशेब. तोच रकाना दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत काढायचा, मी निळ्या शाईने, तिने लाल. दोन्ही जुळल्याशिवाय पान उलटायचे नाही. इलेक्ट्रॉनांचे आपसातले भांडण शून्य धरले, तर उत्तर उणे चार यायला हवे. आमचे दोघांचेही उणे पाच पूर्णांक सहासष्ट येई. <s>यंत्राचा दाता झिजला होता. मुंबईहून दुरुस्त होऊन आले आणि उत्तर जुळले.</s> पुढे भांडण वाढवत नेले तशी वीज हलायला लागणारी ऊर्जाही वाढत गेली, म्हणजे गोळीचे खरे ठरले. हा निबंध एका नियतकालिकाने स्वीकारला असून छपाईची मुद्रिते गेल्या आठवड्यात आली. त्यांवर एकच नाव आहे, माझे.

५. इथवरचा मजकूर आज साक्षीदारांसमोर धनुला वाचून दाखवला. ती म्हणाली, "दाता कव्हय झिजना व्हता, भाऊ?"

दाता कधीच झिजला नव्हता. तक्ता मी भरलेला होता, म्हणून आमची चूक सारखीच येत होती. १९६२ साली भाकरी थापता थापता ती म्हणाली होती, "पंगतमा शेवटला उठीसन पहिला पाटवर जाई बसना, तं मधलाले ओलांडीसनच गया ना? मंग तुन्हं चिन्ह कसं नही बदलनं?" मी, एम.एस्सी., म्हणालो, "तू तुन्ही भाकर दख." त्यानंतर दोन वर्षे आम्ही चुकीच्या तक्त्यावर हँडल फिरवत होतो. ती जत्रेला गेली होती तेव्हा मी गुपचूप शेवटल्या अणूवरून पहिल्यावर जाणाऱ्या त्या एका उडीला, ती मधल्याला ओलांडते म्हणून, उणे चिन्ह लावले. उत्तर आले उणे चार. ती परत आल्यावर सांगितले की यंत्र सुधारले. विभागप्रमुखांना मी जे म्हणत आलो, ते सर्व मला स्वतःला लागू आहे. मला लाज वाटते.

मी म्हणालो, नावासह सगळे तुलाच देतो, प्रेमापोटी.

ती म्हणाली, "प्रेम ऱ्हाऊ दे, भाऊ. मन्हं बरोबर व्हतं, इतलंच लिख."

म्हणून लिहितो. धनुचे बरोबर होते. माझे चुकले होते आणि ते मला तेव्हाच कळले होते. मुद्रितांवर पहिले नाव धनुबाई दोधू पाटील, दुसरे माझे, अशी दुरुस्ती करून ती आज पोस्टात टाकली आहेत.

कलम ४ मधील एक शब्द व दोन ओळी खोडल्या आहेत. खाडाखोड माझ्या हातची, माझ्या शुद्धीत, धनुने तपासलेली.

सही: हिलाल दोधू पाटील

साक्षीदार: रूपचंद भिका चौधरी, पोस्टमास्तर
करणसिंग मोहन गिरासे, घोड्यांचे व्यापारी

मुक्काम सारंगखेडे, दिनांक १४ नोव्हेंबर १९६६