हेमंताची लड

९ नोव्हेंबर, रविवार
दिवाळी झाल्यावर वसुधा दहिसरला रत्नप्रभाकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे, राहायला गेली. थोड्या दिवसांसाठी. थोडे म्हणजे किती, यावर बोलणं झालं नाही, कारण गेले काही महिने माझी बायको एकंदरीतच कमी बोलत होती. त्या शांततेत माझं समासांवरचं पुस्तक झकास पुढे सरकलं.
आज तिच्या कपाटात माझा जुना निळा स्वेटर शोधला. नाही. पण खालच्या कप्प्यात एक अर्धवट विणलेला स्वेटर मिळाला. पाठ, एक बाही आणि लोकरीचा गुंडा. माप पुरुषी. म्हणजे माझ्यासाठी. रुसलेली बाई नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेत नाही. गुंड्याचा धागा अजून पाठीला जोडलेला आहे. याहून स्पष्ट ती काय सांगणार?
विणकामातलं मला कळत नाही, पण गुंडा लहान वाटतो. लोकर कमी पडली म्हणून काम अडलं असणार. संकल्प: याच रंगाची लोकर मी स्वतः रंगवून देणार. ती येईल, पुरा करेल, विषय संपला.

१० नोव्हेंबर
सुया कुठेच नाहीत. म्हणजे सोबत नेल्या. जीव या कामातच अडकलाय.
गुंड्याची लोकर नागमोडी, कुरळी आहे. उंची प्रकार असावा.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुकानदार म्हणाला, सर, हा मस्टर्ड घ्या. त्याच्याशी पुढे बोललो नाही. पांढरी लोकर घेऊन आलो.
स्वेटरचा रंग कापणीला आलेल्या भाताचा. माझ्या माहेरी दिवाळीत मळा असा दिसतो, असं वसुधाच म्हणाली होती. कधी ते आठवत नाही, हल्लीच असेल. मी तेव्हा तिला 'पिशंग' हा नेमका शब्द सुचवला. ती उठून कुकर लावायला गेली. शब्द आवडला असावा.
पण एकच रंग कशाला? सहा ऋतूंच्या सहा लडी करतो. शेतं, माळ, डोंगर, सगळं वर्ष दोरीवर वाळत घालतो. भात पिकतं ते हेमंतात, म्हणून तिची लड हेमंताची. वसुधाला फोन केला. उचलला नाही. दहिसरला रेंजचा प्रॉब्लेम.

२२ नोव्हेंबर
वसंताचा आरंभ हळद आणि तुरटीने. ओटा पिवळा, सिंक पिवळं, मी पिवळा. कॉलेजात एका मुलीने विचारलं, सर, हळद कुणाची?
वर्षा ऋतू पातेल्यात खळखळ उकळला आणि पळीने ढवळला. लोकरीची वाट लागली. आटून घट्ट चकती झाली. आता कुकर उतरवून तिच्यावर ठेवतो.
शरद पांढरा असतो. तेव्हा त्याला काही करायचं नाही. एक ऋतू पूर्ण.

३० नोव्हेंबर, रविवार
भाताच्या रंगाचं प्रमाण डोळ्यांनी पाहावं म्हणून गार्गीला घेऊन कर्जतकडे गेलो. ही आमची मुलगी, अंधेरीला मैत्रिणींबरोबर राहते. भात कापून झालं होतं. शेतात नुसती धसकटं. गार्गी म्हणाली, बाबा, तू नेहमी सगळं झाल्यावर येतोस. मी म्हटलं, यंदा कापणी लवकर झाली. बांधाला एक लोंबी उरली होती, ती फाइलीत घालून आणली.
परतताना म्हणाली, आई वकिलाकडे जाऊन आली, तुला माहितीय ना? रत्नप्रभाच्या सोसायटीची काही भानगड असेल. या बहिणी एकमेकींसाठी फार धावतात.

७ डिसेंबर
हळद नको, कांद्याची सालं हवीत असं वाचलं. भाजीवाल्याने पिशवीभर दिली. विचारलं, सर, बकरी पाळली काय?
खालच्या माधुरीताई वर आल्या. दोरीवरचं पाणी त्यांच्या पांढऱ्या चादरीवर गळलं. मी सांगितलं, हा हेमंत आहे. त्या म्हणाल्या, मग तुमच्या हेमंताला सांगा, बादलीत गळ म्हणावं. जाताना दारात थांबून वसुधा कशी आहे विचारलं. मजेत, म्हटलं. त्या उगाचच हळू आवाजात बोलत होत्या.

१४ डिसेंबर
आज दोन कप चहा झाला. सवय. दुसरा गाळून ग्रीष्माच्या पातेल्यात ओतला. माळरानाचा रंग बरा आला. उरलेल्या फिक्या पाण्यात शिशिर बुडवला.

२५ डिसेंबर
जमलं. कांद्याची सालं, चिमूटभर तुरटी, मंद आच, आणि अजिबात ढवळायचं नाही. नुसतं शेजारी बसून राहायचं. लोंबीशी ताडून पाहिलं, अर्धवट स्वेटरशी ताडून पाहिलं. तोच रंग.
फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. भारावली असेल.
सकाळी गारठा असतो. निळा स्वेटर अजून सापडत नाही. ही बाई वस्तू कुठे ठेवते, देव जाणे.

३ जानेवारी
गार्गीचा फोन. उद्या आई येतेय. सहाही ऋतू गॅलरीत टांगले. वर्षा ऋतूची चकतीसुद्धा. सगळं वर्ष दोरीवर, म्हटलं होतं ना?

४ जानेवारी, रविवार
वसुधा गार्गीला घेऊन शिलाई मशीन न्यायला आली होती.
चहा दिला. साखर कधीच सोडली म्हणाली. मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं होतं, असं गार्गीचं म्हणणं.
गॅलरीत गेली. हेमंताची लड काढून उजेडात धरली. म्हणाली, अगदी आमच्या मळ्यासारखा आलाय रे. कसा केलास? एवढं लांबलचक वाक्य बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मी अर्धवट स्वेटर पुढे ठेवला. म्हटलं, आता लोकर आहे, पुरा कर.
ती म्हणाली, अरे देवू, पुरा काय करू? हा तुझाच. गार्गी बालवाडीत होती तेव्हा विणला होता. मी विणत नव्हते, उसवत होते. उसवलेली लोकर अशी कुरळी होते. वाटलं, स्वतःला एक शाल करू. मग उसवायचाही कंटाळा आला.
मी म्हटलं, पण माझा तर निळा होता.
ती म्हणाली, तुझा निळा स्वेटर कधी नव्हताच.
रागाने नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं, असं आत्ता लिहिताना वाटतं.
लड घेऊन जा म्हटलं. नको म्हणाली. दोरीवर परत घातली, नीट पसरून चिमटा लावला. टेबलावर एक पाकीट ठेवून गेली. सह्या जिथे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या आहेत. पाकिटावरचं अक्षर तिचं.

५ जानेवारी
सह्या केल्या.
गारठा. जुना स्वेटर सापडला, एकाच बाहीचा. निळा नव्हता.