सहावं पाऊल

सातारा,
२४ सप्टेंबर १९४६

चिरंजीव सयाजीस,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टरांनी तुझं बोट तपासलं आणि दसऱ्यानंतरची सांगली-सातारा मॅच ही तुझी शेवटची, असं रंगूच्या पत्रातून कळलं. बायकोनं कळवलं, भावानं नाही. हा राग मी दिवाळीपर्यंत राखून ठेवते.

इकडच्या स्वारीनं बातमी ऐकल्यापासून बॅट हातातून खाली ठेवलेली नाही. अकरा वर्षं साताऱ्याकडून खेळतात आणि अकराही वर्षं तुझ्या गुगलीवर बाद होतात. आता यंदा नाही तर कधीच नाही, हे मनाला लागलंय. काल जेवताना मला विचारलं की, लहानपणी तू धोपाटणं घेऊन सयाजीपुढे उभी राहायचीस, तुला त्याची गुगली कशी ओळखू यायची? वर म्हणाले, एकदा ती नीट खेळलो की बॅट माळ्यावर टाकतो.

मी सांगितलं नाही. कृष्णेच्या घाटावर तू माझ्याकडून शपथ घेतली होतीस, कुणाला सांगायचं नाही म्हणून. खरं तर गुगली म्हणजे काय ते तुला मीच सांगितलं होतं. कॉन्व्हेंटातून सुट्टीला आले होते, बाबांच्या इंग्रजी वर्तमानपत्रात ते छापून आलं होतं. हाताची ढब लेगब्रेकची, म्हणजे टप्पा पडून चेंडू बाहेर जाणार असं वाटतं, आणि तो उलटा आत येतो. दुसऱ्या दिवसापासून तू परसातली कवठं घेऊन मनगट वळवत बसलास. तीन फुटली. आईनं त्यांची चटणी केली आणि आठ दिवस आपल्या दोघांच्याच पानात वाढली.

शपथेतून मोकळी करतोस का? नवऱ्याचं तोंड बघवत नाही रे.

लोभ आहेच. दुखऱ्या बोटाला जप.
तुझी अक्का

*

सांगली,
२९ सप्टेंबर १९४६

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दाजींना खुशाल सांग. चेंडू सुटताना माझ्या मनगटाकडे बघा म्हणावं. पंजाची पाठ त्यांच्याकडे आली की गुगली, नाहीतर साधा लेगब्रेक. एवढंच तर आहे.

आणखी एक सांग. गुगली चटणीतल्या मिठासारखी वापरायची असते. सारखी टाकणारा बोलर आठवड्यात ओळखू येतो. बोट सुजलंय, पण तिकडे मान खाली घालून बसू नकोस. तिसाव्या वर्षीच थांबायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा ते स्वतः शाळेत होते.

मॅचला ये. तुझ्याशिवाय शेवटची मॅच मला गोड लागायची नाही.

आशीर्वाद असू द्यावा, रागाचं दिवाळीला बघू.
तुझा सयाजी

*

सातारा,
७ ऑक्टोबर १९४६

चिरंजीव सयाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला येता येणार नाही. लीलावती बाळंतपणाला आली आहे आणि दिवस भरत आलेत. लेकीला सोडून मामाची मॅच बघायला गेले तर गाव मला नावं ठेवील.

ह्यांना सांगितलं. तेव्हापासून भाकरी थापताना माझ्या मनगटाकडे टक लावून बसतात. आता आत वळली, आता बाहेर, असं पुटपुटतात. काल त्या नादात एक भाकरी करपली, आणि ती गुगली होती म्हणाले.

एक मागणं आहे. भाऊबीजेला साडी आणू नकोस. ओवाळणीत मला सहा चेंडू टाक. मी तेराची झाले, साडी नेसले आणि आईनं धोपाटणं हातातून काढून घेतलं. तुझं बोट थांबायच्या आत एकदा तुझ्यापुढे उभी राहीन म्हणते.

नाही म्हणू नकोस, लोभ कमी होईल.
अक्का

*

सांगली,
१४ ऑक्टोबर १९४६

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मॅच झाली. दाजी घरी पोचायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहितोय.

ते आले आणि पहिल्या चेंडूपासून माझ्या मनगटावर डोळे रोवून उभे राहिले. मी एकही गुगली टाकली नाही. सगळे लेगब्रेक, एकापाठोपाठ एक. चौथ्या षटकात त्यांना धीर धरवेना. आता ती येणारच असं धरून ते पुढे धावले आणि आतल्या बाजूला बॅट फिरवली. चेंडू मुकाट्यानं बाहेर गेला. यष्टीमागे मिरजेत सतारी करणारा आमचा इमाम होता. त्यानं यष्टी उडवल्या आणि दाजींना म्हणाला की, दाजी, लय लांब गेलासा, आता तसंच साताऱ्याला जावा.

दाजींनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले की, चोरा, टाकली का नाहीस? अक्का, ते मात्र मनाला लागलं.

ओवाळणी कबूल. पण तुला चष्मा लागलाय. माझं मनगट दिसणार कसं?

मायेत अंतर पडू देऊ नये.
तुझा सयाजी

*

सातारा,
३० ऑक्टोबर १९४६

चिरंजीव सयाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीज करून तू परत गेल्यापासून परसात चेंडू शोधणं चालू आहे. घेवड्याच्या वेलापलीकडे गेला तो गेला. हाताला पंचा गुंडाळून माझ्यामागे चेंडू अडवायला उभे असलेले तुझे दाजी आल्यागेल्याला सांगतात की, पाच चेंडू हिनं सोडले, सहावा गुगली होता आणि तोच हिनं चष्मा काढून मारला. लीलावती हसता हसता कळवळली. आम्हाला वाटलं आलीच वेळ, पण नातवंडाला अजून घाई नाही.

जाताना तू विचारलंस की ओळखलं कसं, आणि मी हसले. आता सांगते. मनगट मी कधीच बघितलं नाही. लेगब्रेकला तू पाच पावलं धावतोस, गुगलीला सहा. परसात कवठं टाकायचास तेव्हापासून. मी नुसती कान देऊन असायची. शपथ मनगटाची होती, ही नव्हती. तरी मी तुलाही सांगितलं नाही.

नवऱ्यालाही अकरा वर्षं सांगितलं नाही, त्याचं कारण ऐक. मॅचहून आले की हे दोन दिवस तुझ्याबद्दलच बोलायचे. सयाजी कसा दिसतो, केस किती पिकले, सांगलीत कोण भेटलं, घाटावर पाणी किती होतं. जिंकून आले असते तर स्वतःच्या धावा सांगितल्या असत्या. माझं माहेर दरवर्षी असं घरी यायचं.

पण आता मन खातंय. ह्यांना सांगू का?

तुझं उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवीन.
अक्का

*

सांगली,
४ नोव्हेंबर १९४६

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहितो. पत्र वाचून मी उठलो आणि अंगणात धावून बघितलं. सहाच. चाळीस वर्षं मला पत्ता नाही.

दाजींना खुशाल सांग. बॅट माळ्यावर टाकू नका, पुढच्या दसऱ्याला गुगली नक्की टाकतो, हेही सांग. बोटाचं डॉक्टर बघून घेतील.

मी रोज सकाळी अंगणात गुगलीलाही पाचच पावलं धावायचा सराव करतोय. हे तेवढं सांगू नकोस.

शपथ घालतो, आणि पाया पडतो.
तुझा सयाजी