उडालेली मात्रा

४ मार्च, सोमवार

सकाळपासून काउंटरला माणसं चिकटलेली — गुळाला मुंगळे तशी. आज सगळे खोकणारे! खांबामागचा खोकला ओला, दारातला कोरडा, हे मान वर न करता सांगितलं. दोन्ही बरोबर. औषधाच्या दुकानात बाटल्या विसळायला लागलो, आज स्वतःच्या दुकानात बसतो, ते या कानांच्या जोरावर. गिऱ्हाईक सांगतं एक, त्याचा आवाज सांगतो दुसरं.

त्या गर्दीत बाईंची सून आली. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. अक्षर त्यांनीच शिकवलं आणि 'बिनमात्र्या' हे नावही त्यांनीच पाडलं. घाईत माझ्या मात्रा उडायच्या ना! आता त्यांच्याच बोटांचे सांधे असे सुजलेत की चमचा धरवत नाही. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मेथोट्रेक्सेट सुरू केलंय. मोठं कसबी औषध. मुळात कर्करोगासाठी कारखान्यात घडवलेलं, पण थोडंसं दिलं की सांध्यांची आग शमवतं. रूप घेतं फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचं. पेशी फसते, घरात घेते आणि मग तिची वाढच खुंटते. म्हणून ही पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच, बाकीचे सहा दिवस शरीराला सावरायला. सोबत खरं फॉलिक ॲसिड, रोज सकाळी.

दोन पाकिटं केली. एकावर 'स.', एकावर 'सो.' — सकाळ आणि सोमवार. सून म्हणाली, "आधी चारच द्या ना, काका, सोसतंय का बघू." मी गोळ्यांचा पत्ता तोडत नाही. दहाचा दिला.

९ मार्च, शनिवार

बायको म्हणते, चष्मा बदला. म्हटलं, कान शाबूत आहेत तोवर डोळ्यांवाचून काय अडतंय!

१३ मार्च, बुधवार

सून परत आली. बाईंच्या तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा झोंबतं. मलम दिलं. म्हटलं, "त्या जिभेनं आम्हाला जन्मभर फैलावर घेतलं, आता जरा सुट्टी घेऊ दे तिला!" हसली, पण अर्धवटच. जाताना पिवळ्या गोळ्यांचा आणखी एक पत्ता मागितला. एका कानाला फोन, त्यात ठोक व्यापारी बोंबलतोय, समोर पाच जण. काढून दिला.

१६ मार्च, शनिवार

बाई दवाखान्यात! काल संध्याकाळी ताप भडकला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी गेलो तेव्हा खोलीबाहेर डॉक्टरीणबाई विचारत होत्या — "ही गोळी रोज कुणी दिली?"

सून म्हणाली, "मी. पाकिटावर तसंच लिहिलं होतं. एक सकाळी, एक सायंकाळी."

बोटांवर हिशेब केला. दहा आठवड्यांच्या गोळ्या दहा दिवसांत संपल्या — आणि अकराव्याची सोय मी करून दिली, वर थट्टाही केली!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात, पुढचे चार-पाच दिवस काही सांगता येत नाही. उतारा चालू केलाय — फोलिनिक ॲसिड, शिरेतून, दर सहा तासांनी. मेथोट्रेक्सेटनं पुढचं दार अडवलंय, हे मागच्या दारानं पेशीला रसद पोचवतं. पण वेळेत पोचलं तर.

बाईंचे चिरंजीव बायकोवर खेकसले — "तुला वाचता येत नाही का गं? आईला मारायला निघालीस!" (डॉक्टरीणबाईंकडे आईला घेऊन हेच गेले होते. सगळं समजावलं तेव्हा फोनमध्ये डोकं घालून बसले असणार.)

मग माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही तर नीट बजावलं असणारच."

मी म्हटलं, "बजावतो मी. सगळ्यांनाच."

१७ मार्च, रविवार

दुकान बंद. ४ तारखेचं बोलणं कानात पुन्हा लावून पाहिलं. एकदा कानावर पडलेलं मी विसरत नाही, हीच तर फुशारकी.

सून — "काका, नीट सांगा हं, यांच्या डोक्यात काही राहत नाही."

मी — "पाकिटावर लिहिलंय सगळं. नेक्स्ट!"

पुन्हा लावलं. 'सोमवार' हा शब्द त्यात नाही. कुठेच नाही.

१८ मार्च, सोमवार

'सो' म्हणजे 'स'ला काना आणि वर मात्रा. मात्रा उडाली की 'सा' उरतो. सायंकाळचा 'सा.' मी रोज शंभर पाकिटांवर लिहितो.

दार ओढून घेतलं. वीस पाकिटं घेतली, नेहमीच्या वेगानं 'सो.' लिहिलं. बायकोला हाक मारून वाचायला लावलं. "सो, सा, सा, सो, सा..." अकरा वेळा 'सा' म्हणाली. "हे काय चाललंय तुमचं?" वीसही पाकिटं फाडली.

आठवड्याच्या गोळीची आणखी तीन गिऱ्हाइकं आहेत. तिघांनाही फोन केले. ठीक आहेत — जुनी माणसं, वार पाठ झालेला. आजपासून पूर्ण शब्द लिहायचा आणि तोंडानं दोनदा सांगायचा.

हे सगळं सोपं होतं. अवघड ते तसंच राहिलंय.

२० मार्च, बुधवार

पाकीट सापडत नाहीये. सुनेनं घर पालथं घातलं. औषधांचा डबा, केराची टोपली, गादीखाली. आज दुकानात आली. डोळे खोल गेलेत. "काका, सकाळचं पाकीट आहे, दुसरं गेलं कुठे? तुम्ही दुसरा पत्ता दिलात तेव्हा तुम्हालाही नाही कळलं?"

"गर्दी होती," मी म्हटलं.

"हो," म्हणाली, "गर्दी होती."

आवाजात टोमणा शोधला. नव्हता. तिनं खरंच मानलं! टोमणा असता तर बरं झालं असतं.

पाकीट सापडत नाही हे ऐकून मला बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मी स्वतःला फार भला माणूस समजायला लागलो तर वाचता येईल.

२१ मार्च, गुरुवार

बाईंचा ताप उतरेना. दाराशी उभा राहून श्वास ऐकला. भरभर, वरवरचा. आज कान नकोसे झाले.

२३ मार्च, शनिवार

पेशी वाढल्या! थोड्याच, पण वाढल्या. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. मी जिन्यात जाऊन रडलो. खालून चिरंजीव वर येत होते, म्हणून शिंकल्याचं सोंग केलं. ते म्हणाले, "काका, दुकानदारालाच सर्दी?"

सून बाकावर बसली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. म्हणाली, "काका, मला आता खरंच वाटायला लागलंय की मीच चुकीचं वाचलं. डोळे मिटले की कधी 'सो' दिसतो, कधी 'सा'."

तोंड उघडलं होतं मी. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात चिरंजीव आले — "आता तरी घरी जाऊन जरा अक्षरं गिरव!" आणि मी मिटलं.

३० मार्च, शनिवार

बाई घरी आल्या. भेटायला गेलो. निम्म्या झाल्यात, पण नजर तीच — वही तपासणारी. सुनेला चहा टाकायला आत पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. तोंड अजून हुळहुळं, बोलणं तुटक.

"बिनमात्र्या, चष्म्याची डबी उघड."

उघडली. आत घडी केलेलं पाकीट. माझं अक्षर, निळी शाई. 'सा.' त्या 'सा'च्या डोक्यावर, नीट पाहिलं तर, शिरोरेघेत बुडालेला एक ठिपका. मात्रेचा जीव तेवढाच!

"ताप आला त्या संध्याकाळी डब्यातून काढून घेतलं. भिंगानं पाहिलं. तुझंच पाप. तेव्हापासून उशाशी." दम घेतला. "घरी जाऊन जाळून टाक."

"बाई, आणि सून?"

"ती तरुण आहे. सोसेल. तुझं दुकान बसलं तर पुन्हा उभं राहणार आहे का?"

चहा आला. सुनेनं बशी हातात दिली. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी बशीकडे. इतकी माया कुणी केली नव्हती माझ्यावर आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. पाकीट खिशात घालून निघालो.

३१ मार्च, रविवार

काडी ओढली. विझवली.

१ एप्रिल, सोमवार

दुकान उघडलंच नाही, सरळ त्यांच्या घरी गेलो. बाई आत झोपल्या होत्या. चिरंजीव ऑफिसला निघण्याच्या गडबडीत — थांबवलं. त्यांच्या देखत पाकीट सुनेच्या हातात ठेवलं. "अक्षर माझं. चूक माझी. तोंडानंही सांगितलं नव्हतं."

तिनं ते खिडकीच्या उजेडात धरलं. खूप वेळ धरलं.

"म्हणजे मला वाचता येतं," म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. तिचा असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

"आणि इतके दिवस हे होतं कुठे?"

आतल्या खोलीत खाट करकरली. बाई जाग्या होत्या.

"माझ्याकडे," मी म्हटलं.